ओळी जुळल्या, रकमा बुडाल्या

‘रो काउंट मॅच झाला.’ आमच्या धंद्यात या एका वाक्यावर भलीमोठी बिलं पास होतात. जुन्या मेनफ्रेमवर जितक्या नोंदी होत्या तितक्याच नव्या डेटाबेसात उतरल्या, एवढंच ते सांगतं. त्या नोंदींतले पैसे तेवढेच राहिले का, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. तरी सही होते, अभिनंदनाचे ईमेल फिरतात, केक कापला जातो. मला त्या केकचा मनस्वी राग आहे.

ज्या डेटाची ही परवड चालते तो आधी समजून घ्या. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केलं तेव्हा मेमरी महाग होती. म्हणून कोबोल या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी पैशाचे आकडे ‘कॉम्प-३’मध्ये, म्हणजे पॅक करून ठेवले. एका बाइटात दोन अंक. शेवटच्या बाइटाच्या उजव्या अर्ध्यात चिन्ह: सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे बिनचिन्हाचा, पण धरायचा अधिकच. नऊ अंकी रक्कम पाच बाइटांत मावते. दशांशचिन्ह कुठेच साठवलेलं नसतं. ते कुठे धरायचं, हे फक्त कॉपीबुक, म्हणजे नोंदीचा आराखडा, सांगतं.

आता हा डेटा हलवणारे काय करतात? फाइल एब्सिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतातली, नवं मशीन ॲस्की या दुसऱ्या संकेतावर चालणारं. म्हणून सरसकट सगळी फाइल मजकूर समजून एफटीपीतून रूपांतरित करतात. नाव-पत्ता व्यवस्थित येतो. पण रकमेचे बाइट ही अक्षरं कधी नव्हतीच! ४०४.०५ डॉलर पॅक केले की शेवटचे तीन बाइट होतात ४०, ४०, ५सी. एब्सिडिकच्या तक्त्यात ४० म्हणजे मोकळी जागा आणि ५सी म्हणजे तारांकन. रूपांतर इमानेइतबारे मोकळ्या जागेचे २० करतं, तारांकनाचं २ए. दुर्दैव असं, की ए हेही आयबीएमच्या लेखी अधिकाचं वैध चिन्ह आहे. रक्कम उलगडते २०२.०२. निम्मे पैसे गेले आणि कुठे लाल अक्षर उमटलं नाही. उणे रकमेचा शेवटचा बाइट ६डी असेल तर त्याचा होतो ५एफ. म्हणजे सहाचे पाच झालेच, वर उणे पुसलं गेलं आणि नावे टाकलेली रक्कम जमेला बसली.

काही बाइट इतके बिघडतात की प्रोग्रॅम आपटतो. मेनफ्रेमवर अशा आपटण्याला ‘सॉक-सेव्हन’ म्हणतात आणि मध्यरात्री तो आला की लोक शिव्या घालतात. मला तो आवडतो. तो निदान खोटं बोलत नाही.

मग निघतो ‘डेटा क्लीन्सिंग’चा नवा करार. हिंजवडीत रात्रपाळीला बसलेली पोरं बिघडलेल्या बाइटांवरून मूळ रक्कम ताडत बसतात. कॉपीबुक मागितलं तर उत्तर येतं, ‘ते लेगसी आहे, स्कोपमध्ये नव्हतं.’ अहो, त्याच फाइलमध्ये ‘रिडिफाइन्स’ असतं! नोंदीचा प्रकार बदलला की तेच पाच बाइट कधी हप्ता, कधी तारीख. नकाशा फेकून देऊन जमीन विकत घेणाऱ्यांना आम्ही आर्किटेक्ट म्हणतो.

ज्यांना उलगडा जमतो त्यांतले काही महाभाग रक्कम फ्लोट कॉलममध्ये ओततात. ०.१० हा आकडा द्विमान फ्लोटमध्ये नेमका लिहिताच येत नाही. सिस्टिम/३६० मात्र पॅक केलेल्या अंकांची दशमान बेरीज थेट करायचं. तिथे दहा सेंट म्हणजे दहा सेंटच. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक आहे, ऑरॅकलमध्ये नंबर आहे. तरी पैसे फ्लोटमध्ये ठेवून वर याला आधुनिकीकरण म्हणायचं!

खापर मात्र कोबोलवर. एप्रिल २०२०मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या यंत्रणेवर ताण आला, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना हाक दिली आणि लोक या म्हाताऱ्या भाषेला हसले. हसायचंच होतं तर जाणकारांना निरोप देताना त्यांच्याकडून काहीही लिहून न घेणाऱ्यांना हसायचं.

यावरचे उपाय अवघड नाहीत, कंटाळवाणे आहेत. फाइल बायनरीतच हलवा. कॉपीबुक हाताशी घेऊन मजकुराची फील्ड वेगळी आणि पॅक केलेली वेगळी उलगडा. अंकाच्या जागी अक्षर निघालं तर नोंद अडवा. शून्य भरून पुढे ढकलू नका. प्रत्येक रकमेच्या कॉलमची दोन्हीकडची बेरीज मांडा, जमा वेगळी, नावे वेगळी, आणि शेवटच्या सेंटापर्यंत जुळवा. तोवर मूळ फाइलला हात लावू नका, कारण चुकीच्या रूपांतरातून मूळ बाइट परत मिळतीलच याची हमी नाही.

‘एवढ्या बेरजा मांडायला वेळ नाही,’ असं म्हणणाऱ्या मॅनेजरचा पगार एकदा याच वाटेने काढावा. ८५,००० रुपये नऊ अंकांत पॅक केले, की ८५ हा आकडा अख्खा एका बाइटात बसतो. एब्सिडिकमध्ये ते ‘ई’ अक्षर, ॲस्कीत त्याचे होतात ६५. बाकीचे बाइट जसेच्या तसे राहतात आणि साहेबांच्या खात्यात बिनबोभाट ६५,००० पडतात. मग बघू, बेरजेला वेळ कसा निघत नाही.