वकील नको, पण मुदतीचं काय?



‘दुकानदाराला वकील हवाच कशाला?’ हे पत्र वाचलं. अर्धंच पटलं. गुंजीतला किराणा दुकानदार एकटा मालक असेल, तर खानापूरच्या न्यायालयात आपली बाजू आपण मांडू शकतो. ग्राहक आयोगातही वकिलाची सक्ती नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालकाला मात्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय युक्तिवाद करता येत नाही. हे पत्रलेखकांनी सोयीने गाळलं.

खरी मेख मुदतीत आहे. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची, न वटलेल्या धनादेशावरच्या समरी दाव्यात तर 10 दिवसांत हजेरी. आमच्याकडे कन्नडमधलं समन्स न वाचताच गल्ल्याखाली सरकवतात. मग एकतर्फी हुकूमनामा! उभं स्वतः राहा हवं तर, पण कैफियत वकिलाकडूनच लिहून घ्या.

— एक व्यापारी, गुंजी (ता. खानापूर)