चर्चची गाडी आईच्या दारात थांबते का?

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पूर्व भागात पॉसम ट्रॉट नावाची कृष्णवर्णीयांची छोटी वस्ती आहे. तेथील बेनेट चॅपल या बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक डब्ल्यू. सी. मार्टिन आणि त्यांच्या पत्नी डॉना यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारच्या ताब्यातील मुले दत्तक घेतली. त्यांचे पाहून चर्चमधील २२ कुटुंबांनी ७० हून अधिक मुले घरात आणली. मारहाण सोसलेली, उपाशी राहिलेली, वय वाढल्यामुळे कोणी घेत नाही अशी ही मुले! घेणारेही कोणी धनदांडगे नव्हते. २०२४ मध्ये ‘साऊंड ऑफ होप’ हा चित्रपट आला आणि ही हकिकत दूरवर पोचली.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्या चळवळीला परका नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले ते तिथूनच. म्हणून त्यांच्या मुलाबाळांचे काय चालले आहे, याची चौकशी आम्ही करणारच.

मूल घरी आणणे एक वेळ सोपे, ते सांभाळणे कठीण. रात्री किंचाळत उठणारे, अन्न लपवून ठेवणारे मूल सांभाळताना चांगली माणसे खचतात. बरीच कुटुंबे एक-दोन वर्षांतच हे काम सोडून देतात. म्हणून आता अनेक चर्चचे स्वयंसेवक अशा प्रत्येक घरामागे पाच-सात जणांचा गट उभा करतात. कोणी आठवड्याला जेवण पोचवतो, कोणी मुलाला दवाखान्यात नेतो, कोणी एक संध्याकाळ मुले सांभाळतो म्हणजे आईबापांना श्वास घेता येतो. ‘केअरपोर्टल’ नावाच्या व्यवस्थेत बालकल्याण खात्याचा कर्मचारी गरज नोंदवतो आणि ती जवळच्या चर्चना कळते. पलंग हवा, पाळणा हवा, कुणीतरी उचलतो. या घरकामाचा आम्हाला आदर वाटतो. प्रवचनापेक्षा ते कितीतरी अवघड आहे.

पण धर्मसंस्था सेवा करता करता दारावरची पहारेकरी होते, तेव्हा काय? टेनेसी राज्याने २०२० मध्ये कायदा करून धार्मिक संस्थांना आपल्या श्रद्धेत न बसणाऱ्यांना नाकारण्याची मुभा दिली. पुढे एका ज्यू दाम्पत्याला सरकारी पैसा घेणाऱ्या ख्रिस्ती संस्थेने पालकत्वाचे प्रशिक्षण नाकारले. कारण एकच, ते ख्रिस्ती नाहीत! २०२२ मध्ये त्यांना न्यायालयात जावे लागले. फिलाडेल्फियात समलिंगी जोडप्यांना पालक म्हणून प्रमाणित करण्यास कॅथलिक संस्थेने नकार दिला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल शहराच्या करारातील अपवादाच्या तरतुदीवर बेतलेला आहे, हे वकील म्हणून आम्ही जाणतो. तरी कर सगळ्यांचा आणि दरवाजा एकाच धर्माचा, हे आम्हाला मान्य नाही.

आमचा मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे. ही मुले येतात कोणाच्या घरातून? अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे साडेतीन लाख मुले सरकारी देखरेखीत होती. मूल काढून घेण्याच्या कारणांत ‘दुर्लक्ष’ हे कारण निम्म्याहून अधिक वेळा नोंदलेले असते. या दुर्लक्षात व्यसन असते, खरीखुरी हेळसांडही असते. पण अपुरे घर, रिकामे कपाट, कामावर जाताना मुलाजवळ कोणी नसणे हेही याच शब्दात कोंबले जाते. कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. कायद्याच्या प्राध्यापिका डॉरोथी रॉबर्ट्स यांनी २००२ च्या ‘शॅटर्ड बाँड्स’ या ग्रंथात हीच बाब मांडली आणि २०२२ च्या ‘टॉर्न अपार्ट’मध्ये ती आणखी कठोरपणे मांडली. मूल परक्या घरी ठेवले तर सरकार त्या घराला दरमहा पैसे देते. तेच पैसे आईला वेळेवर मिळाले असते तर?

१९९७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मूल मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीत राहिले, तर काही अपवाद सोडता राज्याने आईबापांचे हक्क संपवण्याचा अर्ज न्यायालयात करायचा असतो. या १५ महिन्यांत आईने घर शोधायचे, नोकरी टिकवायची, उपचार घ्यायचे आणि ठरलेल्या दिवशी मुलाच्या भेटीला हजर राहायचे. जिथे बस नाही, तिथे भेट चुकते. चुकलेली भेट कागदावर ‘आईला रस नाही’ अशी उमटते. वकील असतो, पण त्याच्याकडेही गाडीची सोय नसते.

पॉसम ट्रॉटसारख्या ठिकाणी माणसे आहेत, गाड्या आहेत, वेळ आहे. केअरपोर्टलवर जन्मदात्या कुटुंबाचीही गरज नोंदवता येते, म्हणजे वाटही आहे. तेव्हा या स्वयंसेवकांना आमचे सांगणे एवढेच आहे, की जेवणाचा डबा घेऊन दत्तक घराकडे जाताना गाडी आधी त्या आईच्या दारात थांबवा, तिला भेटीच्या ठिकाणी वेळेवर पोचवा आणि पुढच्या तारखेला न्यायालयात तिच्या बाजूला बसा.