नंबर वन, पण...

बारावीला ९० टक्के पडले, की पहिला प्रश्न येतो, ‘छान! पण सीईटीचं काय?’ सीईटी झाली की ‘पण कॉलेज कुठलं?’ नोकरी लागली की ‘पण पॅकेज किती?’ हा ‘पण’ आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा. अगदी जगात पहिला नंबर आला तरी तो पाठ सोडत नाही. पटत नसेल, तर डेन्मार्कची टेनिसपटू कॅरोलिन वोझ्नियाकी हिचं करिअर बघा.

११ ऑक्टोबर २०१० ला, वयाच्या विसाव्या वर्षी ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. २०१० आणि २०११ या दोन्ही वर्षांच्या शेवटी पहिलं नाव तिचंच होतं. दोन्ही वर्षी तिने सहा-सहा स्पर्धा जिंकल्या. पण चर्चा एकाच गोष्टीची व्हायची, ‘ग्रँडस्लॅम कुठंय?’ त्याआधी २००९ मध्ये अमेरिकन ओपनच्या फायनलमध्ये ती किम क्लायस्टर्सकडून हरली होती. तेवढ्यावरून तिचा नंबर वन ‘खरा’ नाही, असं सर्रास म्हटलं जायचं.

खरं तर ही क्रमवारी कुणी आवडीनिवडीवर ठरवत नाही. मागच्या ५२ आठवड्यांत कमावलेल्या गुणांचा तो हिशोब असतो. ग्रँडस्लॅमला सगळ्यात जास्त गुण मिळतात, तरीही ते न जिंकता ती वर होती. म्हणजे उरलेलं वर्षभर, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कोर्टवर ती सातत्याने जिंकत होती. चकाचक नसेल, पण ही मेहनत खोटी कशी?

ग्रँडस्लॅममध्येच खरा कस लागतो, हे मला मान्य आहे. दोन आठवड्यांत सात मॅचेस जिंकणं सोपं नाही. तिचा खेळ बचावात्मक आहे, ही टीकाही रास्त होती. पण खेळातली उणीव दाखवणं वेगळं आणि मिळवलेलं नाकारणं वेगळं.

पुढे २०१४ मध्ये ती पुन्हा अमेरिकन ओपनच्या फायनलला पोहोचली आणि सेरेना विल्यम्सकडून हरली. २०१६ मध्ये दुखापतींमुळे क्रमवारीत ७४ व्या नंबरपर्यंत घसरली. आता संपलं, असं वाटत असताना २०१८ ची ऑस्ट्रेलियन ओपन आली. दुसऱ्याच फेरीत क्रोएशियाच्या याना फेटविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ती १-५ अशी मागे होती. दोन मॅच पॉइंट्स वाचवून तिने ती मॅच काढली. मग फायनलमध्ये सिमोना हालेपला ७-६, ३-६, ६-४ असं हरवलं आणि एकेरीत ग्रँडस्लॅम जिंकणारी पहिली डॅनिश खेळाडू ठरली. सहा वर्षांनी नंबर वनही परत मिळाला.

झालं, सगळे म्हणाले, आता ती खरी चॅम्पियन! मला प्रश्न पडतो तो इथेच. फेटने त्यातला एक पॉइंट घेतला असता तर? तर वोझ्नियाकी आजही ‘ग्रँडस्लॅम नसलेली नंबर वन’च राहिली असती. एका पॉइंटने कुणाच्या आधीच्या दहा वर्षांची किंमत बदलत असेल, तर गडबड आपल्या मोजपट्टीत आहे.

त्याच वर्षी तिला संधिवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. एका सकाळी तिला हात डोक्यावर उचलता येईनात. ज्या खेळात सर्व्हिसच डोक्यावरून करायची, तिथे हे! तरीही ऑक्टोबरमध्ये तिने बीजिंगची स्पर्धा जिंकली. हे तिचं तिसावं विजेतेपद. आजाराबद्दल जाहीरपणे ती त्यानंतर बोलली. २०२० मध्ये मेलबर्नलाच ओन्स जाबेरकडून हरून तिने निवृत्ती घेतली, तेव्हा ती २९ वर्षांची होती. दोन मुलं झाल्यावर २०२३ मध्ये ती कोर्टवर परतली आणि अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली. तिथे हरली ती त्या वर्षीच्या विजेत्या कोको गॉफकडून, तेही एक सेट घेऊन.

आपल्या पिढीला रिझल्टची सवय लागलीये. लिंक्डइनवर फक्त ट्रॉफीचे फोटो दिसतात, मधले आठवडे दिसत नाहीत. वोझ्नियाकी एकूण ७१ आठवडे नंबर वन होती. त्यातले ६७ ग्रँडस्लॅम जिंकण्याच्या आधीचे! मोठी ट्रॉफी हाती नसताना कमावलेले.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादी मैत्रीण आनंदाने काही सांगायला आली, तर ‘भारी!’ म्हणून थांबूया. ‘पण’ विचारायला बाकीचे आहेतच की.