मनाचे दुखणे आणि आपले मौन

संग्रामपूर तालुक्यातील कोणत्याही गावच्या पारावर घटकाभर बसावे. कोणाची किडनी निकामी झाली, कोणाचे डायलिसिस सुरू आहे, कोणत्या विहिरीचे पाणी किती खारट आहे, ही चर्चा मोकळेपणाने ऐकू येते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याने आपल्या भागाला हे दुखणे दिले. पण त्यासाठी रुग्णाला कोणी दोष देत नाही. पाण्यात दोष आहे, उपचार केले पाहिजेत, एवढे सर्वांना समजते. त्याच पारावर एखाद्याचा मुलगा रात्र रात्र झोपत नाही, कोणाशी बोलत नाही, असा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. 'त्याले बाहेरचं लागलं' असे कोणी कुजबुजतो. कोणी सैलानीला नेण्याचे सुचवितो, कोणी लग्न लावून देण्याचे. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव निघालेच, तर घरचेच म्हणतात, 'तो काय येडा आहे?'

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. निवासी शाळेत मुले आईवडिलांपासून दूर राहतात. रात्री दिवे मालवल्यावर त्यांच्या मनात काय चालले आहे, हे ओळखणारे मोठे माणूस जवळ असावे लागते. आम्ही एकदा ते माणूस होऊ शकलो नाही. म्हणून हा लेख.

प्रथम आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी वडिलांच्या निधनानंतर आम्हाला नैराश्याने गाठले. पहाटे तीनला जाग येई आणि उजाडूच नये असे वाटे. इतिहासाचा तास घेताना वाक्य मध्येच तुटे. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा महिनाभर तसाच पडून राहिला. घरच्यांनी आग्रह धरला, तेव्हा अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले. गोळ्या आम्ही गावातील दुकानातून कधी घेतल्या नाहीत. अकोल्याहून आणलेल्या गोळ्या पित्ताच्या औषधाच्या डबीत ठेवल्या आणि सहकाऱ्यांना 'बीपीचा त्रास आहे' असे सांगितले. व्यासपीठावरून बुद्धिप्रामाण्यावर बोलणारा माणूस घरी औषधाची डबी बदलीत होता.

त्याच काळात, आमच्या तेव्हाच्या नोकरीच्या गावी, वसतिगृहातील दहावीचा एक विद्यार्थी हळूहळू मिटत गेला. जेवणाच्या रांगेत शेवटी उभा राहू लागला, मग येईनासा झाला. खेळ सुटला, अक्षर बिघडले. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणाले, 'अभ्यासाचा कंटाळा आहे.' कोणी म्हणाले, 'नाटक करतो.' त्या खोलीत त्याचे दुखणे ओळखणारे बहुधा आम्ही एकटेच होतो, कारण त्यातील प्रत्येक खूण आमच्या अंगावर होती. तरी आम्ही बोललो नाही. 'तुम्हाला कसे कळले?' असा प्रश्न आला असता, तर उत्तर द्यावे लागले असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. पुढे कळले, तो बाहेरगावी मजुरी करतो. तो जिवंत आहे, याचे समाधान मानावे, तर त्याचे शिक्षण आमच्या भित्रेपणात बुडाले, हेही मानावे लागते.

आपल्या चळवळीला दुःख लपविण्याची शिकवण कधीच नव्हती. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात गोरेगावच्या प्रवासात लहानपणी भोगलेली तहान आणि बडोद्यात राहायला जागा न मिळाल्याचा अपमान स्वतःच्या नावाने नोंदविला. पुत्र राजरत्न गेल्यानंतर १९२६ मध्ये दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले कोसळलेले मन झाकून ठेवले नाही. पुढे १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आले, २००३ मध्ये ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' आले. तेव्हा आपल्यातीलच काही शिकलेल्या मंडळींना वाटले, हे उकिरडे कशाला उकरायचे? पण त्या पुस्तकांनी लाजेची जागा बदलली. जे सोसले त्याची लाज सोसणाऱ्याला नव्हे, सोसायला लावणाऱ्या व्यवस्थेला वाटली पाहिजे, हे एका पिढीला त्यातून कळले. जातीच्या बाबतीत आपण जे शिकलो, तेच मनाच्या दुखण्याच्या बाबतीत मात्र विसरलो.

धम्माच्या परंपरेत पटाचारेची कथा आहे. श्रावस्तीच्या या स्त्रीने पती, दोन लेकरे, आईवडील व भाऊ पाठोपाठ गमावले. अंगावरील वस्त्राचेही भान न राहिलेल्या त्या बाईला लोकांनी वेडी ठरवून हुसकावले. ती जेतवनाकडे आली, तेव्हाही लोक तिला अडवू लागले. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले आणि प्रथम तिचे सारे ऐकून घेतले. पुढे तीच पटाचारा थेरी झाली आणि अपत्यशोकाने खचलेल्या स्त्रियांना आधार देऊ लागली. तिच्याकडून बोध घेतलेल्या स्त्रियांच्या गाथा थेरीगाथेत आहेत. ज्या स्त्रीला गावाने वेडी म्हटले, तिच्या अनुभवानेच इतरांना वाट दाखविली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा धडा आपण वंदनेपुरता ठेवला आहे.

आपल्या काळातही हे घडले आहे. मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. प्रतिष्ठित घरात ही गोष्ट सहज दडपता आली असती. वाणी यांनी ती उघड बोलून दाखविली आणि १९९७ मध्ये पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ सालचा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने झाला. अनेक मराठी कुटुंबांनी त्यात प्रथमच आपल्या घरातील माणसाला राक्षस किंवा विदूषक म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहिले.

एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातीलच कार्यकर्त्यांनी लहान लहान बैठका घेतल्या, नैराश्याविषयी लोकांच्या भाषेत बोलणे सुरू केले आणि उपचाराची सोय गावाजवळ आणली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. माती तीच, कापूस तोच आणि कर्जही तेच. विषय चावडीवर आला आणि उपचार हाताशी आले, एवढाच फरक पडला.

यावर आपल्या समाजातून येणारा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. 'आधीच जातीचा शिक्का कपाळी आहे, त्यात हा दुसरा कशाला? मुलीचे लग्न कसे जमेल? नोकरीत बढती कोण देईल?' हा आक्षेप पोकळ नाही, कारण बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. म्हणून काही मर्यादा स्पष्ट असाव्यात. आपले दुखणे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याचाच आहे. दुसऱ्याचे दुखणे चव्हाट्यावर आणणे हा अपराधच होय. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियमही रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य करतो. विद्यार्थ्याला तर वर्गासमोर बोलण्याचा आग्रहही होता कामा नये. ज्याची नोकरी पक्की आहे, ज्याचे वय झाले आहे, ज्याला गावात मान आहे, त्याने आधी बोलावे. किंमत परवडणाऱ्याने ती आधी मोजली, तर मागून येणाऱ्याला ती कमी पडते.

आणखी एक सावधगिरी हवी. मनाचे दुखणे म्हणजे केवळ एकट्या माणसाचा दुबळेपणा, असाही अर्थ निघू नये. नापिकी, कर्ज, अवहेलना, वर्गात आडनावावरून झालेला टोमणा, यांनीही माणूस खचतो. दुःखाला कारण असते, ही तथागतांची शिकवण आहे. गोळी घ्यावी आणि अन्यायाशीही लढावे. यांपैकी एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

सोनाळ्याच्या या शाळेपुढे आम्ही एक लहानशी सूचना ठेवतो. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन आणि १४ ऑक्टोबर हा धम्मदीक्षेचा दिन. या दोहोंमधील एका संध्याकाळी वंदनेनंतर एखाद्या माजी विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने स्वेच्छेने दहा मिनिटे बोलावे: मला काय झाले होते, कोणी ओळखले, उपचार कोठे मिळाले, आज कसे आहे. भाषण नको, हारतुरे नकोत. वसतिगृहाच्या फलकावर भोजनाच्या वेळापत्रकाशेजारी शासनाच्या 'टेलि-मानस' या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक कायम लिहिलेला असावा. रात्री-अपरात्रीही तेथे आपल्या भाषेत बोलता येते. आणि गावात परतल्यावर पालकांनी पारावर किडनीविषयी बोलावे तितक्याच सहजतेने याविषयीही बोलावे.

पहिल्या संध्याकाळी बोलायला कोणी तयार नसेल, तर आम्ही येऊ. आमची एक गोळी अजून सुरू आहे. आता ती तिच्या स्वतःच्याच डबीत असते.

जय भीम.