भाकरीचे श्रेय आणि ताटाचा हिशेब

भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्वारी, बाजरी, नाचणी या धान्यांचा ‘श्री अन्न’ या नावाने गौरव झाला. जी धान्ये शहरातील पाहुण्यापुढे ठेवण्यास एके काळी संकोच वाटे, ती राष्ट्रप्रमुखांच्या मेजवानीत जाऊन बसली. योगायोग असा, की त्याच वर्षी जून महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असावा, वीस वर्षांवरील शंभर माणसांमागे सुमारे चाळीस जणांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आहे आणि पस्तीसांहून अधिक जणांना रक्तदाबाचा विकार आहे, असे ही पाहणी सांगते. एकीकडे धान्याचा गौरव आणि दुसरीकडे रोगाचा हा ताळेबंद! या दोहोंची सांगड घालून ‘पुन्हा भाकरीकडे वळा, म्हणजे वजनही उतरेल आणि मधुमेहही हटेल’ असा उपदेश आता सर्वत्र ऐकू येऊ लागला आहे. या उपदेशात तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्वारी वा बाजरी यांत उष्मांक कमी असतात, अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी, तांदूळ, कणीक किंवा मैदा यांपैकी काहीही घेतले तरी त्यातून मिळणारे उष्मांक सव्वातीनशे ते साडेतीनशेच्या आसपासच राहतात. तराजूच्या भाषेत बोलायचे तर भाकरी आणि पाव यांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते दुसऱ्या ठिकाणी. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा न चाळलेल्या कणकेत दहा ते अकरा ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ते तीन ग्रॅमही नसतात. धान्याच्या दाण्याला बाहेर कोंडा, टोकाशी अंकुर आणि मधे पिष्ट असे तीन भाग असतात. गिरणीत दाणा सडला वा पीठ बारीक चाळले, की पहिले दोन भाग जातात आणि त्यांच्याबरोबर तंतू, जीवनसत्त्वे आणि क्षार यांचा मोठा वाटाही जातो. उरते ते पिष्ट. ते लवकर पचते, रक्तातील साखर झपाट्याने वाढवते आणि पोटाला भरल्याची जाणीव फार वेळ टिकू देत नाही.

कोंड्याचे महत्त्व मानवाला कळले तेही अपघाताने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर काम करणारे डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान यांना असे आढळले, की सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या शोधाच्या मार्गानेच पुढे जीवनसत्त्वांची ओळख पटली आणि १९२९ साली आइकमान नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. भारतात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी विविध प्रांतांतील आहार उंदरांना देऊन पाहिले. कणकेची रोटी, डाळ, दूध आणि भाज्या असा पंजाबी आहार मिळालेले उंदीर सर्वांत सुदृढ निघाले. सडलेल्या भातावर भिस्त ठेवणारा आहार मिळालेले सर्वांत दुबळे ठरले. त्यांनी सुरू केलेल्या प्रयोगशाळेतूनच आज हैदराबादेत असलेली राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. तेव्हा अख्ख्या धान्याची महती ही आजची नवी टूम नव्हे. शंभर वर्षांपूर्वी पुराव्यानिशी कळलेली गोष्ट आपण मधल्या काळात विसरलो, एवढेच.

धान्य एकटे पुरेसे नाही

मात्र याच इतिहासाचे दुसरे पान उपदेशक सहसा उलटत नाहीत. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच ज्यांचे जवळजवळ एकमेव अन्न होते, अशा गरीब मजुरांत पेलाग्रा हा रोग आढळत असे. कातडी काळवंडणे, अतिसार आणि बुद्धिभ्रंश ही त्याची लक्षणे. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास या रोगाचा ज्वारीच्या आहाराशी असलेला संबंध दाखवून दिला. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, ताक वा दूध ज्याच्या ताटात होते त्याला ज्वारीने बळ दिले. भाकरी आणि मिरची यांपलीकडे ज्याला काही मिळाले नाही त्याला तिनेही तारले नाही. याचा अर्थ, आरोग्य एकट्या धान्यात नसून ताटाच्या एकूण जुळणीत आहे.

मॅकॅरिसन यांच्या प्रयोगाचाही खरा बोध हाच होता. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे तेच पुन्हा बजावतात. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक उष्मांक तृणधान्यांतून येऊ नयेत, असे ती सांगतात. प्रत्यक्षात भारतीय माणूस ५० ते ७० टक्के उष्मांक धान्यातूनच मिळवतो. गव्हाच्या चार पोळ्यांऐवजी ज्वारीच्या चार भाकऱ्या खाणाऱ्याने बदल केला खरा. परंतु डाळ, उसळ, भाजी आणि फळ यांची जागा रिकामीच राहिली असेल, तर तो बदल अर्धामुर्धाच राहतो.

वजनाच्या बाबतीत अलीकडच्या संशोधनाने आणखी एक मुद्दा पुढे आणला आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस माणसांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, घरगुती धाटणीचे अन्न दिले. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, चरबी, मीठ आणि तंतू सारखेच होते. किती खायचे ते मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपवलेले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कारखानी अन्न मिळाले तेव्हा माणसे दिवसाला सुमारे पाचशे उष्मांक जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरीने जवळजवळ एक किलो वाढले आणि साध्या अन्नावर तेवढेच उतरले. प्रयोग लहान होता हे खरे; पण त्याचा रोख स्पष्ट आहे. कारखानी अन्नात तंतू वरून मिसळून तंतूंचा हिशेब पुरा करता येतो, भुकेला मात्र त्याने फसवता येत नाही. अन्न मऊ असेल, भराभर गिळता येत असेल, तर पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोहोचण्याआधीच ताट रिकामे होते. भाकरी चावावी लागते, हा तिचा दोष समजला गेला. वस्तुतः तो तिचा गुण आहे.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या एका व्यापक आढाव्यात १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र तपासण्यात आले. आहारात तंतू भरपूर असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण तंतू अत्यल्प असलेल्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू पोटात जाणे हितकर, असा त्याचा सारांश होता. प्रयोगांत वजनही काहीसे उतरलेले दिसले. ‘काहीसे’ हा शब्द येथे महत्त्वाचा. अख्खे धान्य हे वजन उतरवण्याचे औषध नव्हे. ते वजन आटोक्यात ठेवण्यास साह्य करते, इतकेच म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे विशेष भान असावयास हवे, कारण भारतीय शरीराचे एक मोठे कोडे पुण्यात उलगडले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९० नंतरच्या दशकात मातांचा आणि बालकांचा अभ्यास आरंभला. जन्मतः वजनाने कमी असलेल्या येथील बालकांत स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली असते, असे त्यातून दिसले. २००४ मध्ये त्यांनी व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन तंतोतंत सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के! तात्पर्य, ज्याला आपण सडपातळ म्हणतो तो निरोगी असतोच असे नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाने वजनाच्या काट्यावर समाधान मानण्याऐवजी कमरेभोवती फीत फिरवून पाहणे अधिक शहाणपणाचे.

शिधापत्रिकेचा प्रश्न

येथवर प्रश्न शास्त्राचा झाला. खरी अडचण यापुढे आहे. भाकरी ताटातून गेली ती केवळ लोकांची रुची बिघडली म्हणून नव्हे. देशात १९६० च्या दशकात सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांवर ज्वारी पिकत असे. आज ते क्षेत्र त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास आले आहे. खरिपातली ज्वारी सोयाबीन आणि कापसाने मागे सारली. जेथे पाणी पोहोचले तेथे रब्बीची जागा उसाने घेतली. ज्वारी काढायला माणसे मिळत नाहीत, पाखरांपासून राखण करायला कोणाला सवड नाही. त्यातच १९७२ च्या दुष्काळात शिधावाटप दुकानातून मिळालेल्या तांबड्या परदेशी ‘मिलो’ने अनेकांच्या मनात ज्वारीचा संबंध लाचारीशी जोडला. हरित क्रांतीने गहू आणि तांदूळ मुबलक केले, सरकारी खरेदी त्यांचीच झाली आणि म्हणून स्वस्त झाले तेही तेच. घरातही असेच घडले. पोळी सकाळी करून डब्यात देता येते, भाकरी मात्र तव्यावरून उतरताच खावी लागते. आणि ती थापण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात, याचा विचार भाकरीचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी क्वचितच केला आहे.

परिणामी चक्र उलटे फिरले आहे. पूर्वी गरिबाचे असलेले धान्य आज बाजारात गव्हाहून बहुधा महाग मिळते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर ठरवले. म्हणजे कायद्याच्या कागदावर सर्वांत स्वस्त धान्य ज्वारी-बाजरीच होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळू लागले आणि पुढे ही सवलत पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली. पण माणशी पाच किलोंच्या या वाट्यात प्रामुख्याने गहू आणि तांदूळच हाती पडतो. ज्याला सरकार फुकट तांदूळ देते, त्याला ‘भाकरी खा’ असे सांगणे म्हणजे ज्याच्या पायात वहाण नाही त्याला चालण्याचे फायदे समजावण्यासारखे आहे. आणि मधुमेह आता केवळ बंगल्यात राहणाऱ्यांचा रोग उरलेला नाही, हे विसरून चालणार नाही.

दुसरीकडे, ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांची वेगळीच फसगत चालू आहे. ‘बहुधान्य’, ‘नाचणीयुक्त’ अशी मोठी अक्षरे मिरवणारी बिस्किटे आणि पाव विकत घेऊन आरोग्य साधल्याचे समाधान ते मानतात. वेष्टनावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. ती बारीक अक्षरे वाचली तर पुष्कळदा पहिले नाव मैद्याचे, पुढे साखर व तेल आणि नाचणी अगदी तळाशी, असे दिसते.

शाळेपासून आरंभ

मग करावे काय? पहिले काम शासनाचे. ज्या जिल्ह्यात ज्वारी, बाजरी वा नाचणी पिकते, तेथेच ती हमीभावाने खरेदी करून तेथल्याच शिधावाटप दुकानांतून दिली, तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि वाहतुकीचा खर्चही वाचेल. कायद्यात याला आडकाठी नाही. अडचण खरेदीच्या, साठवणीच्या आणि इच्छेच्या अभावाची आहे. दुसरे क्षेत्र शालेय पोषण आहाराचे. प्राथमिक शाळेतील मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे त्याचे प्रमाण आहे. धान्य आणि डाळ यांचा मेळ, वर भाजी, असे हे ताट मूलतः योग्य दिशेचेच आहे. उणीव आहे ती भाजी प्रत्यक्षात किती पडते आणि धान्यात पांढऱ्या तांदळाखेरीज काही येते का, याची. हे ताट रोज ज्यांच्या डोळ्यांसमोर वाढले जाते, त्या शिक्षकांचा शब्द येथे अधिकाऱ्यांच्या अहवालाहून अधिक मोलाचा ठरू शकतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५ टक्क्यांहून अधिक बालकांची उंची खुंटलेली आहे, तर २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. उपासमार आणि स्थूलता ही दोन टोके नव्हेत. निकृष्ट ताटाची ती दोन फळे आहेत.

तिसरे काम घराघरांतले आणि ते कोणत्याही योजनेची वाट पाहत थांबलेले नाही. पीठ न चाळता वापरणे, पांढऱ्या भाताचा एक वाढा कमी करून त्या जागी उसळ घेणे, आठवड्यातून काही वेळा भाकरी करणे आणि ती थापण्याचे काम एकाच जिवावर न टाकणे, यांपैकी कशालाच मोठा खर्च नाही. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने मात्र आहारात मोठा फेरफार करण्यापूर्वी वैद्याला विचारावे.

धान्याला ‘श्री’ हे उपपद लावणे सोपे होते. ते धान्य शिधापत्रिकेवर आणि शाळेच्या ताटात आणणे अवघड आहे. ते होईपर्यंत भाकरीचा गौरव ज्यांना परवडते त्यांच्यापुरताच राहील, आणि रोगाचा ताळेबंद मात्र सर्वांच्या नावे वाढत जाईल.