बाळाची लस, आईची साखर

बाळंतपण सुखरूप पार पडले, साखर खाली आली, की घरातले सगळे निःश्वास सोडतात. गरोदरपणातला मधुमेह तिथेच संपला, असे गृहीत धरले जाते. आईसाठी मात्र मोठा धोका पुढेच असतो. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे टाइप टू मधुमेह होण्याची शक्यता इतर मातांच्या किमान सातपट असते, असे २००९ साली 'लॅन्सेट'मधील विश्लेषणाने दाखवले. २०२०च्या 'बीएमजे'मधील विश्लेषणात ती जवळपास दहापट निघाली.

वारेतून येणारी संप्रेरके आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. ज्या स्त्रीचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन करून ही तूट भरू शकत नाही, तिची साखर चढते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते, त्याच्या अंगावर चरबी चढते, प्रसूतीत खांदा अडकण्याची भीती असते आणि जन्मानंतर काही तासांत त्याची साखर धोकादायकरीत्या घसरू शकते.

'सून काटकुळी आहे, तिला कसला मधुमेह?' हा प्रश्न आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. त्याचे उत्तर पुण्यातच मिळालेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. हीच ठेवण मोठेपणीही टिकते, आणि काटकुळ्या दिसणाऱ्या सुनेच्या अंगातली ही चरबी वजनाचा काटा दाखवत नाही. म्हणून तपासणी प्रत्येक गर्भवतीची व्हायला हवी. 'दोन जिवांचे खा' म्हणून ताटात भात वाढत नेणे चूक, आणि साखर निघाली म्हणून घाबरून तिला अर्धपोटी ठेवणे त्याहून चूक.

चाचणी अवघड नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवलेली पद्धत केंद्राच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत आली. बाई जेवलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी साखर पाहायची. १४० किंवा अधिक आली तर उपचार सुरू. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

याच सूचनांत प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायला सांगितले आहे, आणि साखळी तुटते ती इथे. नाव नोंदलेले सासरी, बाळंतपण माहेरी. एका गावचे कागद दुसऱ्या गावी पोचत नाहीत. सव्वा महिन्यात बाळंतिणीच्या शेक-शेगडीची, डिंकाच्या लाडवांची काळजी सगळे घेतात. तिच्या साखरेची आठवण कुणाला राहत नाही.

पण नेमक्या याच सुमारास ती घराबाहेर पडते: बाळाच्या दीड महिन्याच्या लशीसाठी. ४२व्या दिवशी आशाताईंची गृहभेटही ठरलेली असते. आईची तपासणी या लशीलाच जोडावी, अशी आमची राज्याच्या आरोग्य विभागाकडे मागणी आहे. आशाताईंनी आदल्या भेटीत तिला उपाशीपोटी यायला सांगावे. तान्ह्याला घेऊन दोन तास थांबणे सोपे नाही, म्हणून अशा मातांना सकाळी सर्वांत आधी घ्यावे, बसायला जागा आणि अंगावर पाजायला आडोसा द्यावा. माता व बाल संरक्षण कार्डावर गरोदरपणातल्या साखरेची नोंद ठळक अक्षरांत हवी, म्हणजे माहेरच्या उपकेंद्रातल्या सिस्टरलाही ती दिसेल. साखर नॉर्मल आली तरी दरवर्षी तपासायची आणि पुढचे मूल होऊ देण्याआधी एकदा नक्की, हे नवरा आणि सासू दोघांच्या देखत सांगितले जावे. लसीकरण सत्राच्या सामानाच्या यादीत ग्लुकोजची पाकिटे आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घालायला वेगळी योजना लागत नाही.