निवड डासाने केली, मनूने नव्हे

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातलं आदिवासी पोर शाळेत मागं पडलं की शिकलेली माणसंही सहज म्हणतात, ‘रक्तातच नाही.’ आता त्याला विज्ञानाचा मुलामा मिळालाय: जात म्हणजे म्हणे हजारो वर्षांची नैसर्गिक निवड, गुणवत्ता जनुकांत उतरलेली! डार्विनच्या वेष्टनात मनू विकण्याचा हा धंदा आहे.

जनुक बदलतो कसा, हे तरी या मंडळींनी वाचावं. डीएनएची नक्कल होताना चुका होतात. माणसाच्या प्रत्येक बाळात आईवडिलांकडे नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. त्यातले बहुतेक बापाकडून येतात आणि बापाचं वय वाढेल तसे वाढतात. इथे वय मोजलं जातं, जात नाही. बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही, घातक असतात ते हळूहळू गळतात, एखादाच कामी येतो. माणूस असो की भीमाशंकरचं शेकरू, सगळ्या सस्तन प्राण्यांची हीच रीत.

आणि कामी येतो म्हणजे काय? सिकलसेल बघा. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. एका पालकाकडून आलं तर जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण, दोघांकडून आलं तर जन्मभराचं दुखणं. विदर्भातल्या आपल्या बौद्ध घरांत आणि गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींत तो आढळतो, म्हणून ‘यांचं रक्तच खराब’ म्हणणारे भेटतात. पण तोच बदल आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे. जिथे मलेरिया, तिथे तो टिकला. निवड डासाने केली. त्यात गुणवत्ता कुठून आली? उलट जातीतच लग्नं लावत राहिल्याने दोन वाहक एकत्र येण्याचा धोका वाढतो.

शुद्ध रक्त म्हणाल तर जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख वाचा. दान देणाऱ्यांत यवन आहेत, बुरूड, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी आहेत. २०१३ साली आलेल्या जनुकीय अभ्यासाचा अंदाज असा की भारतातली सरमिसळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालू होती, बेटीबंदी त्यानंतर घट्ट झाली. म्हणजे आपली बरीच लेणी कोरली गेली ती दारं मोकळी असतानाच. वंशशुद्धीचा हा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ सालीच, न होऊ दिलेल्या त्या भाषणात, खोडून काढला होता.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘रक्तातच नाही’ म्हणालं, तर एवढंच विचारा: डिंभे धरणाच्या पाण्याखाली शेतं कुणाची गेली, आणि त्या पाण्यावर ऊस कुणाचा पिकतो?

जय भीम!